एकाच अक्षांशावरचं खार्टूम

चौथी-पाचवीच्या वर्गाला शिकवायला खार्टूम निवडलं ते अक्षांशामुळे. आमचं बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर साधारण १५ अंश ३८ मिनिटे उत्तरेला आहे आणि सुदानची राजधानी खार्टूम १५ अंश ३६ मिनिटांच्या आसपास. खानापूर स्टेशनावरून पृथ्वीला दोरा गुंडाळत सरळ पश्चिमेला निघालं, तर तो खार्टूमवरूनच जाणार. चौथी-पाचवीला शिकवायला घेतलेली दूरची जागा इतकी नेमकी आपल्या रेषेवर असावी आणि तीही ‘ख’नेच सुरू व्हावी, एवढ्यावर वर्ग खूश झाला. शिकवणाऱ्याला सुरुवातीला एवढं भांडवल पुरतं.

माझी शाळा खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. सरकारी मराठी शाळा, चौथी आणि पाचवी एका खोलीत, एका भिंतीवर कर्नाटकाचा नकाशा आणि कपाटावर एक जुना पृथ्वीगोल. प्राथमिकचा भूगोल आपल्याकडे गावापासून सुरू होतो आणि तालुका, जिल्हा, राज्य, देश अशी वर्तुळं मोठी करत जातो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. तत्त्व चांगलंच आहे. पण दूरच्या जागेपर्यंत पोचेपर्यंत ती नुसती पाठ करायची यादी होऊन बसते आणि जवळच्या जागेबद्दल मुलाला प्रश्नच पडत नाहीत. आमच्या मुलांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत. यात विचारण्यासारखं काही आहे, हे त्यांना का वाटावं? सगळीकडे असंच असणार. म्हणून मी क्रम थोडा मोडला. दूरचं ठिकाण शेवटी न आणता जूनमध्येच आणलं, गावाच्या शेजारी ठेवलं आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे ठरवलं. पाणी कुठून येतं, छप्पर कसलं, ताटात काय, उजाडतं कधी, पोटासाठी माणसं कुठे जातात. ‘तिकडची नवलाई’ नावाचा तक्ता करायचा नाही, एवढं माझं मी बजावून ठेवलं होतं.

पहिल्या आठवड्यात पृथ्वीगोलाला लाल लोकरीचा दोरा बांधला. आमच्या रेषेवर येणारी ठळक नावं मुलांनी बोट फिरवत वाचली. पश्चिमेला उतरलं की गोव्याचा किनारा, मग अरबी समुद्र, येमेन, तांबडा समुद्र, सुदान, चाड, नायजर, माली, अटलांटिक महासागर, ग्वाटेमाला, मग संपता संपत नाही असा पॅसिफिक, फिलिपिन्स, व्हिएतनाम, थायलंड, बंगालचा उपसागर आणि आंध्रातून परत घरी. कर्नूल तर अगदी दोऱ्याखालीच आलं. गोल जुना असल्यामुळे सुदान त्यावर अखंड होता. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान वेगळा झाला, हे सांगून पेनाने एक रेघ मारली. गोलावर रेघ मारता येते याचंच मुलांना अप्रूप. सीमाभागातल्या वर्गात ‘नकाशावरची रेघ बदलते’ हे वाक्य जरा जपूनच बोलावं लागतं. मी बोलले आणि पुढे गेले.

एका रेषेवर असण्याचा अर्थ काय, हे समजावण्यात मात्र बराच वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. शाळेच्या अंगणात काठी रोवली. घड्याळात बारा वाजता सावली सगळ्यात लहान असणार, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. ऊन असेल त्या दिवशी दर दहा मिनिटांनी खडूने सावलीचं टोक मारलं, तर सगळ्यात लहान सावली साडेबाराच्या पुढेमागे निघाली. मुलं घड्याळाला दोष देऊ लागली. मग समजावलं की आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाला लावलेलं आहे, आपण साडेचौऱ्याहत्तरवर राहतो आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. आठ चोक बत्तीस. पाढ्याचा असा उपयोग होतो हे बघून पाचवीतल्या एकाने खार्टूमचाही हिशेब मांडला. रेखांश ३२ अंश ३० मिनिटं, म्हणजे आपल्यापासून ४२ अंश मागे, म्हणजे १६८ मिनिटं. पण घड्याळातला फरक साडेतीन तासांचा आहे. आमची प्रार्थना दहाला सुरू होते तेव्हा खार्टूमला साडेसहा वाजलेले असतात. १६८ मिनिटं म्हणजे तीन ताससुद्धा नाहीत, मग वरचा वेळ कुठून आला? दोन्ही देशांची घड्याळं ज्या रेखांशांना लावलीत तिथून आला. हे चौथीच्या मुलांच्या डोक्यावरून गेलं आणि ते मी जाऊ दिलं. पाचवीच्या तिघांना कळलं, त्यांनी ते इतरांना चुकीचं समजावलं, त्यावरून भांडण झालं. चांगलंच झालं.

त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट सावली नाहीशी होण्याची. आमच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मेच्या ३ तारखेच्या सुमाराला आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या सुमाराला. त्याच दिवसांत खार्टूमच्या माणसाची सावलीही भर दुपारी त्याच्या पायाखाली जाते. गंमत अशी की मेमध्ये आम्हाला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आकाश भरलेलं. म्हणजे आपल्या गावातली ही गोष्ट आपल्याला शाळेत कधी दिसणारच नाही आणि खार्टूमच्या मुलांना ती दिसण्याची शक्यता जास्त, हे एका मुलीने स्वतःहून शोधलं. वर्षातला मोठा दिवस दोन्हीकडे साधारण तेरा तासांचा, लहान दिवस सव्वाअकरा तासांचा. सूर्य दोघांना सारखाच वाटून देतो. मग बाकी सगळं इतकं वेगळं कसं, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहिला.

त्याआधी मी त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली होती. ‘खार्टूम कसं असेल?’ वाळू, उंट, झोपडी, एक सिंह. दोघांनी पिरॅमिड काढले. ते मी चूक म्हटलं नाही, कारण सुदानात पिरॅमिड खरंच आहेत, मेरोए इथे, आणि संख्येने इजिप्तपेक्षाही जास्त. नंतर लॅपटॉपवर खार्टूमचे फोटो दाखवले. शाळेत नेटवर्क येत नाही, त्यामुळे घरी उतरवून आणले होते. उंच इमारती, पूल, नदीकाठचा रस्ता, रिक्षा. रिक्षा बघून वर्ग ओरडला. आपल्याच बनावटीच्या तीनचाकी तिथे धावतात. सिंह काढणारा थोडा हिरमुसला.

पाऊस मोजायला सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घेतला, तळ आणि तोंड एकाच मापाचं. अंगणात झाडापासून दूर, विटांच्या मध्ये बसवला. रोज सकाळी एक मुलगी पट्टी बुडवून माप घ्यायची. ती शाळेच्या अंगालाच राहते, म्हणून सुट्टीच्या दिवशीही खंड नाही. पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली की उलट तिचं काम वाढायचं, दिवसातून दोनदा डबा रिकामा करावा लागे. जेवढा पाऊस, तेवढ्याच लांबीची कागदाची पट्टी कापायची आणि भिंतीवर आधीच्या पट्टीच्या वर चिकटवायची, एवढीच रीत. शेजारी खार्टूमची पट्टी लावली. तिथे वर्षाला सव्वाशे-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे वर्षाची पट्टी जेमतेम वीतभर. जुलैच्या एका सकाळी डब्यात एका रात्रीचंच पाणी त्या पट्टीच्या वर गेलेलं होतं. माप घेणारी मुलगी धावत आत आली आणि म्हणाली, “बाई, खार्टूमचं वरीस आमच्याकडं एका रात्रीत झालं.” त्यानंतर मुलं पाऊस खार्टूममध्येच मोजू लागली. काल अर्धं खार्टूम, आज दोन खार्टूम. ऑगस्ट संपायच्या आत आमची पट्टी भिंत संपवून वाशाला टेकली, पुढची आडवी वळवावी लागली.

या भिंतीवर मी आणखी दोन पट्ट्या लावल्या. बेळगाव शहराची सव्वा मीटरच्या आसपास आणि अथणीकडची अर्ध्या मीटरच्या जवळपास. अथणी आमच्याच जिल्ह्यात. मुलांना धक्का बसला तो खार्टूमच्या पट्टीने नाही, अथणीच्या. परदेश वेगळा असणारच, पण आपलाच जिल्हा? ढग अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्री चढताना इथे रिकामे होतात आणि पूर्वेकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही, हे पुस्तकात असतंच. पण पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्यावर तेच वाक्य मुलांनी मला सांगितलं, मी नाही. खार्टूमचं कारण वेगळं. समुद्र फार लांब, उत्तरेकडून सहारा वाळवंटाचा कोरडा वारा आणि दक्षिणेकडून येणारा पावसाचा पट्टा वर्षातून थोडेच दिवस तिथपर्यंत सरकतो. मे-जूनमध्ये तिथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि धुळीची भिंतच्या भिंत शहरावर येते. तिला तिथे ‘हबूब’ म्हणतात. हा शब्द मुलांनी लगेच उचलला. मधल्या सुट्टीत धूळ उडवणाऱ्याला काही दिवस तेच नाव पडलं होतं.

आता खरी गोष्ट. दोन्हीकडच्या उत्तरांचा तक्ता आम्ही भरत होतो, त्यावर पाण्याचा रकाना आला. आमच्याकडे विहीर, झरे आणि मलप्रभा. खार्टूमकडे नाईल. पूर्वेकडून ब्लू नाईल येते, दक्षिणेकडून व्हाइट नाईल, आणि शहरात त्यांचा संगम होतो. हे लिहीत असताना चौथीतल्या एका पोराने विचारलं, “तिकडं पाऊसच पडत न्हाई तर नदीला पाणी कुठनं येतंय?”

मी उत्तर दिलं नाही. भारताचा आणि आफ्रिकेचा प्राकृतिक नकाशा टेबलावर पसरला आणि नदी उलटी चालत जा म्हटलं. ब्लू नाईलवर बोट ठेवून ती मुलं इथिओपियाच्या डोंगरात पोचली, ताना सरोवरापाशी, १,८०० मीटरच्या जवळपास उंचीवर. खार्टूम ३८० मीटरवर. इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस कधी पडतो? जून ते सप्टेंबर. इथे वर्ग गप्प झाला, कारण ते महिने त्यांचे होते. ऑगस्टमध्ये ब्लू नाईलला पूर येतो, पाणी गाळाने तपकिरी होतं आणि संगमावर दोन नद्यांचं पाणी वेगळ्या रंगांत काही अंतर शेजारी-शेजारी वाहताना दिसतं.

मग मलप्रभेवर बोट ठेवलं. ती कणकुंबीला उगम पावते, आमच्या शाळेपासून फार लांब नाही. खानापूरवरून सौंदत्तीला जाते, तिथे नविलुतीर्थचं धरण, त्या पाण्यावर काळ्या मातीतला कापूस, ज्वारी, मका, हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणी. पुढे पट्टदकलची देवळं आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. बोट कूडलसंगमला पोचलं तेव्हा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “मग आपलं गाव खार्टूमसारखं न्हाईच की. खार्टूम म्हणजे सौंदत्ती. आपण इथिओपिया.”

त्या वाक्यानंतर आमची सगळी तुलना उलटी झाली. मी जोडी लावली होती खानापूर आणि खार्टूमची, रेषेवरून. मुलांनी ती मोडून नदीवरून नवी लावली. वरचा डोंगर, मधलं कोरडं पठार, धरण, काळी माती, संगम, असा अख्खा प्रवास दोन्हीकडे मिळतोजुळता. खार्टूमच्या दक्षिणेला दोन नाईलच्या मध्ये गेझिरा नावाचा सखल पट्टा आहे, भेगाळणाऱ्या काळ्या चिकणमातीचा. ब्लू नाईलवरच्या १९२५ मध्ये पुऱ्या झालेल्या सेन्नार धरणाच्या कालव्यांवर तिथे कापूस पिकू लागला. तक्त्यातले ‘आम्ही’ आणि ‘ते’ हे रकाने खोडून मुलांनी ‘वर पडतंय’ आणि ‘खाली वापरतात’ असे नवे रकाने आखले. खालच्या रकान्यात सौंदत्ती आणि गेझिरा एकत्र बसले. मला वाटतं, दूरच्या ठिकाणाशी तुलना करायची ती यासाठी. दोन गोष्टींतला फरक मुलं पहिल्याच दिवशी सांगतात, तो शिकवावा लागत नाही.

काळ्या मातीचा पुरावा आम्हाला गावातच मिळाला. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे आमच्या भागात घरटी नाही तरी वाडीगणिक एखादा फौजी सापडतोच. गावातले एक निवृत्त सुभेदार संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून त्या बाजूला जाऊन आलेले. मुलं त्यांना सुभेदारमामा म्हणतात. ते वर्गात आले, खुर्चीवर बसायला तयार होईनात, उभ्यानेच बोलले. दक्षिण सुदानात मालाकालला, व्हाइट नाईलच्या काठी त्यांचा तळ होता. नदी इतकी संथ की कुठल्या बाजूला वाहते ते जलपर्णीचे पुंजके बघून ओळखायचं. “आणि चिखल? आपल्या बैलहोंगलकडची काळी माती बघितलायसा न्हवं? तीच. पाऊस लागला की गाडी बसली म्हणजे बसली, मग दोन महिने तिथंच.” मुलांनी सिंहाचं विचारलं. त्यांनी डासांचं सांगितलं. ते जेवायला काय होतं इथवर आले तेव्हा घंटा झाली आणि कुणी उठलं नाही.

जेवणाचा रकाना मुलींनी धरून ठेवला होता. सुदानात ज्वारी हे मुख्य धान्य. ज्वारीची शेती जगात पहिल्यांदा झाली तीही त्याच बाजूला, पूर्व सुदानच्या पट्ट्यात, पाच हजार वर्षांपूर्वी. आमच्याकडे घाटमाथ्यावर तांदूळ आणि नाचणा, ज्वारी बाजारातून येते, पण भाकरी सगळ्यांच्या ओळखीची. तिथे ज्वारीचं पीठ भिजवून आंबवतात आणि तव्यावर पातळ पसरून ‘किसरा’ करतात, आमच्या आंबोळीसारखा, फक्त कागदाइतका पातळ. सोबत वाळवलेल्या भेंडीची पूड घातलेलं कालवण. शाळेत दुपारचं जेवण करणाऱ्या, अक्षरदासोहच्या मावशींनी हौसेने पीठ भिजवलं. जुलैच्या गारठ्यात ते आंबायलाच तयार नाही, दोन रात्री चुलीशेजारी ठेवावं लागलं. पहिले दोन तव्याला चिकटले, तिसरा निघाला, सगळ्यांना तुकडा-तुकडा आला. “आंबट हाय, पण भाकरीच की,” हा वर्गाचा निकाल. मग भाकरी तिकडून आपल्याकडे आली काय, हा प्रश्न आला. भाकरीचं माहीत नाही, ज्वारी आली, एवढंच मी सांगितलं. त्याच्यामागून मिरची, भुईमूग, काजू, रताळं असं एकेक येत गेलं. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडांतली, पोर्तुगीजांच्या गलबतांनी जगभर फिरलेली. खानापूरचं रताळं परदेशी निघाल्याचं पालकांना पटलेलं नाही.

खार्टूमबद्दल शिकवायचं आणि युद्धाबद्दल गप्प बसायचं, हे शक्य नव्हतं. १५ एप्रिल २०२३ ला तिथे लष्कर आणि निमलष्करी दलात लढाई सुरू झाली आणि शहर उद्ध्वस्त झालं. मुलांच्या घरी मोबाइल आहे. मी दाखवलेल्या फोटोंतला पूल त्यांनी वेगळ्याच अवस्थेत पाहिला होता. एकाने विचारलं, “बाई, तुम्ही दाखवलेलं खोटं काय?” खोटं नव्हतं, आधीचं होतं. लढाईच्या सुरुवातीच्या दिवसांत भारताने आपल्या लोकांना पोर्ट सुदानवरून बाहेर काढलं, त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन कावेरी. त्यांत आपल्या कर्नाटकातले हक्की-पिक्की जमातीचे लोकही होते, जडीबुटी आणि तेलं विकायला तिथवर गेलेले. हे ऐकल्यावर ‘पोटासाठी माणसं कुठे जातात’ हा रकाना एकदम भरला. आमच्या गावातली माणसं गोव्याला जातात, फौजेत जातात, पुण्याला जातात. सुदानला जाणारी माणसंही आपल्याच राज्यातली असतात. यापलीकडे युद्धावर मी जास्त बोलले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला जेवढं विचारावंसं वाटतं, तेवढंच सांगावं.

पाण्याचा विषय मात्र मोठ्यांपर्यंत पोचला. आमचा तालुका पाण्याची फाळणी करतो. कणकुंबीचं पाणी मलप्रभेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे आणि तिथून जवळच देगावला उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात. म्हादईचं पाणी कळसा नाल्यावरून मलप्रभेत वळवायचं की नाही, यावर कर्नाटक आणि गोव्यात कित्येक वर्षं वाद आहे. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल दिला, तरी तो संपलेला नाही. तिकडे इथिओपियाने ब्लू नाईलवर २०११ पासून मोठं धरण बांधायला घेतलं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि खालचे सुदान व इजिप्त काळजीत. इजिप्त आणि सुदानने १९५९ मध्ये नाईलचं पाणी आपसांत वाटून घेतलं तेव्हा इथिओपियाला कुणी विचारलं नव्हतं, ही त्याची दुसरी बाजू. मी वर्गाचे तीन गट केले, वरचे, मधले, खालचे. एक बादली पाणी, तीन टमरेलं. कुणाचं किती, ते त्यांनीच ठरवायचं. तासाभरात अंगण ओलं झालं आणि ठरलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीतले एकजण येऊन म्हणाले, “बाई, हे राजकारण पोरांना कशाला?” त्यांची मावशी सत्तरी तालुक्यात, म्हणजे गोव्यात, दिलेली. जावई सौंदत्तीला. मी त्यांना पोरांचा तक्ता दाखवला. त्यात कुठे कुणाची बाजू नव्हती, कोण वर आणि कोण खाली एवढंच होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग देगावच्या जागेवर बोट ठेवून “हे थोडं इकडं सरकवा” म्हणाले. सरकवलं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मात्र पाठ्यक्रमात सुदान कुठे आहे असं विचारलं. नाही, पण पर्जन्यमान, नदी, मृदा, वेळ, पीक हे सगळं आहे. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला कळलं नाही.

दिवाळीनंतर उलटा उद्योग केला. खार्टूमच्या कुठल्यातरी मुलासाठी आपल्या गावाचं वर्णन लिहायचं. त्याने सूर्य आपल्याइतकाच पाहिलाय, पण असा पाऊस कधी पाहिलेला नाही, हे धरून. पहिल्या फेरीत सगळ्यांनी वाघ लिहिला. भीमगड अभयारण्य शेजारी असल्याने अगदीच खोटं नाही, पण वाघ कुणी पाहिलेला नव्हता. खार्टूमचा सिंह काढणारी आणि खानापूरचा वाघ लिहिणारी मुलं तीच. मी म्हटलं, जे तुम्ही स्वतः पाहिलंय तेच. मग वह्यांत इरली आली, कौलांवरचं शेवाळ आलं, भाताच्या रोपलावणीत पायाला चिकटणारी जळू आली, चार महिने चुलीवर वाळणारे कपडे आणि त्यांचा धुराचा वास आला. शुक्रवारी तिथे शाळेला सुट्टी आणि रविवारी शाळा असते, तेव्हा पत्र रविवारी पोचेल असं बघा, अशी एकाची तळटीप. एकीने भीमगडच्या बारापेडी गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांबद्दल लिहिलं, वडील वनखात्याच्या माणसांबरोबर तिथे गेले होते म्हणून. पत्रं पाठवायला पत्ता नव्हताच. ती शाळेच्या कपाटात आहेत.

सहल मुद्दाम कूडलसंगमला नेली. एरवी पालक गोव्याचा आग्रह धरतात. मुलांनी बसवण्णांच्या समाधीपाशी हात जोडले आणि तडक पाण्याकडे गेली, दोन रंग बघायला. पण दोन रंग नव्हते. एकच, हिरवट, जागच्या जागी थांबलेलं पाणी. कृष्णा कुठली आणि मलप्रभा कुठली तेही कळेना. पाण्यात कागद टाकून बघितला, तो जिथल्या तिथे. कारण पुढे कृष्णेवर नारायणपूरचं धरण आहे आणि संगम त्याच्या फुगवट्यात येतो, हे मी सांगितलं. त्यावर चौथीतल्या त्याच पोराने विचारलं, खार्टूमच्या खाली पण धरण हाय काय? मेरोवे आहे, पण शेकडो किलोमीटर पुढे, त्याचं पाणी मागे खार्टूमपर्यंत येत नाही. वरच्या अंगाला मात्र व्हाइट नाईलवर जबल औलियाचं धरण आहे, १९३७ चं, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. मग जबल औलिया म्हणजे आपलं नविलुतीर्थ, असं त्याने परतीच्या बसमध्ये ठरवून टाकलं आणि तक्त्यावर तसं लिहिलंही. मला ते पटलेलं नाही. डोंगरातल्या पावसाच्या नदीवरचं, काळ्या मातीला पाणी देणारं धरण सेन्नारचं आहे, जबल औलिया दुसऱ्याच नदीवर. पण तो म्हणतो की सेन्नार खार्टूमपासून फार लांब पडतं. आता त्याला दोन्हीकडची अंतरं मोजायला सांगितली आहेत.